दारात नसलेली फळी

माणसानं घर बघायला यावं तर घर बघावं. छप्पर कुठं गळतं, बॉयलर किती वर्षांचा, मैल्याची टाकी कधी उपसली, हे विचारावं, नाक मुरडावं, किंमत पाडून मागावी आणि आपल्या वाटेनं जावं. हे मिस्टर ट्रोमन्स चार वेळा आले आणि यातलं एकही विचारलं नाही. लोकांचे उंबरठे झिजवणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण ज्या दाराला उंबरठाच उरलेला नाही ते दार झिजवणारा हा पहिलाच. बूट दाराबाहेर जोडीनं काढून ठेवायचे, टोपी दोन्ही हातांत धरायची, आणि वरचं न्हाणीघर बघता का म्हटलं तर म्हणायचं, "नको, चांगलंच असणार." हेरिफर्डच्या गुरांच्या बाजारात सासऱ्यांच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिलेली बाई आहे मी. घेणारा कोण आणि नुसता दात मोजणारा कोण, हे मला लांबून कळतं.

घर विकायला काढलं ते माझ्या मुलानं, नाइजेलनं. सही माझी आहे, म्हणजे लोकांच्या लेखी मीच काढलं. पर्सी, माझा नवरा, जाऊन तीन वर्षं झाली. माझे गुडघे गेले. अठ्ठावन्न एकरांवर शेजाऱ्याच्या मेंढ्या चरतात. कोठारं तर नाइजेलनं केव्हाच सुट्टीवर येणाऱ्यांसाठी छोटी छोटी घरं करून टाकली होती. चाळीस गाई शेपट्या हलवत उभ्या असायच्या त्या गोठ्याला 'बटरकप' नाव दिलं, आणि तिथं आता पांढरे टॉवेल हंसासारखे दुमडून ठेवतात. बिअरला कडूपणा आणणाऱ्या हॉपच्या वेलाची बोंडं वाळवायची गोल भट्टी होती, तिच्यात गोल पलंग आला. मी तेव्हा काही बोलले नाही, कारण त्या भाड्यावरच मोठ्या घराचं छप्पर टिकलं. पण हंस पाहिले की मी तोंड फिरवते.

आता सगळंच विकायचं आणि मी लेमस्टर गावात जायचं, वयस्कांसाठी बांधलेल्या इमारतीत, तळमजल्यावर. तिथं दोरी ओढली की कुणीतरी धावत येतं म्हणे. मी विचारलं, कोण येतं? नाइजेल म्हणाला, जे ड्यूटीवर असतील ते. म्हणजे कुणीच नाही.

विक्रीचं काम बघणारी टॅमसिन नावाची मुलगी आली. तिनं माझ्या ओट्यावर लिंबांनी भरलेला वाडगा ठेवला, फोटो काढला आणि लिंबं परत पिशवीत भरून घेऊन गेली. छापील पुस्तिकेत माझं स्वयंपाकघर बघून मलाच वाटलं, कुणाचं हे. खाली लिहिलं होतं, जुन्या काळाची शान जपणारं फार्महाऊस, देखणी रूपांतरित कोठारं, सुपीक जमीन. शेतांना एक ते नऊ आकडे दिले होते. कोल्ह्याची शेपटी, आंधळीचा तुकडा, लांबोडी ही नावं कुठंच नव्हती. टॅमसिन मला समजावून सांगू लागली की घर दाखवताना मालकांनी घरात नसलेलं बरं, घेणाऱ्याला मोकळं वाटतं. मी विचारलं, तुझं वय काय? म्हणाली, सव्वीस. मी म्हटलं, या घराचं चारशे. मी मधली आहे, मी राहीन.

खरं कारण दुसरं होतं, आणि ते लिहायला लाज वाटते. घर विकायला काढलं म्हणून माझ्याकडे माणसं यायला लागली. त्याआधी पोस्टमन, आणि रविवारी नाइजेलचा फोन. स्वयंपाकघरातलं टेबल बारा माणसांचं आहे. एका टोकाला मी बसते, दुसऱ्या टोकाला रेडिओ ठेवलाय, म्हणजे समोर कुणीतरी बोलतंय असं वाटतं. कधीकधी मी त्याला उलट उत्तर देते. कुत्रा होता तेव्हा निदान तो मान तरी उचलायचा. आता दर गुरुवारी अनोळखी लोक येत, माझी कपाटं उघडत, माझ्या जिन्याच्या पायऱ्या मोजत, आणि जाताना थँक्यू म्हणत. गाडी वळणाआड जाईपर्यंत मी खिडकीत उभी राहायची.

मिस्टर ट्रोमन्स पहिल्यांदा आले तो फेब्रुवारीतला गुरुवार. सत्तरीला टेकलेला, बारका, रुंद पंजांचा माणूस, बसथांब्यापासून दीड मैल चालत आलेला. टॅमसिननं मला आधीच कानात सांगितलं होतं की माणूस साधा दिसला तरी पैसेवाला आहे, यांची दुकानांची साखळी आहे. मी त्याचे बूट पाहिले. तळ दोनदा बदललेले. मनात म्हटलं, पैसेवाले असेच असतात, म्हणून तर पैसेवाले असतात.

मोठ्या घरात तो दहा मिनिटंही थांबला नाही. कोठारं बघायची म्हणाला. टॅमसिन त्याला घेऊन खळ्याच्या कोठाराकडे गेली. ते आमचं सगळ्यात मोठं कोठार, पूर्वी तिथं मळणी व्हायची. आता समोरासमोरच्या मोठ्या दारांच्या जागी काच आहे, आत दिवाणखाना आहे आणि खळ्यावर गालिचा. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. टॅमसिन सरळ आत गेली. हा दारात आला, उजवा पाय गुडघ्याएवढा वर उचलला, काहीतरी ओलांडल्यासारखा पलीकडे ठेवला, मग डावा. तिथं ओलांडायला काही नव्हतं. सपाट फरशी. मला वाटलं, संधिवात. माझ्यासारखेच गुडघे, बिचारा.

दुसऱ्यांदा आला तेव्हा मी मुद्दाम मागोमाग गेले. घराच्या दारातून तो तुमच्याआमच्यासारखा चालत आला, गोठ्यात तसाच गेला, भट्टीतही. खळ्याच्या कोठाराशी आला आणि पुन्हा पाय वर. गुडघा कुरकुरला नाही, तोंड वाकडं झालं नाही. आत गेल्यावर त्यानं दाराच्या ओकच्या खांबावर हात फिरवला, खाली, आणखी खाली, आणि खांबात उभी खाच आहे तिच्यात बोट घातलं. आर्किटेक्टनं ती खाच शोभा म्हणून राखली होती. ती कशाची, हे त्याला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, आणि या माणसाच्या पायाला ठाऊक होतं.

त्या खाचेत फळी बसायची. ओकची, गुडघ्याएवढी उंच, दारात आडवी. मळणीच्या वेळी दाणे बाहेर उडू नयेत म्हणून, आणि एरवी कोंबड्या आत येऊ नयेत म्हणून. मी लग्न होऊन इथं आले पंचावन्न साली, एप्रिलमध्ये, एकोणीस वर्षांची. सप्टेंबरात हॉप तोडायला बाहेरून माणसं आली. तेव्हा दरवर्षी यायची, धुराड्यांच्या गावांतून, खास आगगाडीनं, बायका, पोरं, म्हाताऱ्या, पत्र्याच्या पेट्या घेऊन. तीन आठवडे त्याच कोठारात पेंढ्यावर झोपायची. पहिल्या संध्याकाळी सासूबाईंनी मला दुधाची किटली देऊन पाठवलं. मी नवे बूट घातले होते, नवी मालकीण म्हणून मिरवायला. दारात फळीला अडखळले आणि साठ माणसांदेखत दुधात पालथी पडले.  आणि मग एक बाई हसली. अशी हसली की छप्पर आहे ते बरं, नाहीतर ढगांना ऐकू गेलं असतं. तिनंच मला बगलेत हात घालून उठवलं आणि म्हणाली, "मालकीणबाई, इथं पाय उचलूनच यावं लागतं, राणी असलीस तरी." मग साठही हसले.

त्या फळीवरून नंतर मी हजारदा गेले असेन, एकदाही अडखळले नाही. अठ्ठ्याण्णव साली कोठाराचं घर केलं तेव्हा ती काढली. मी चुलीत घातली. तीन दिवस जळली.

तर हा माणूस हॉप तोडणाऱ्यांपैकी होता. दुकानांची साखळी असो वा नसो, हा घर घ्यायला आला नव्हता. मी तेव्हाच टॅमसिनला सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण तो वळून म्हणाला, आज फार वेळ घेतला तुमचा, पुन्हा एकदा आलो तर चालेल का? आणि मी म्हटलं, गुरुवारी या.

तिसऱ्या वेळेला मी सफरचंदाचा केक केला. टॅमसिन फोनवर बोलत बाहेर फेऱ्या मारत होती, आम्ही दोघं टेबलाशी बसलो. रेडिओ उचलून मी खिडकीत ठेवला. तो कमी बोलणारा निघाला, पण ऐकताना मान हलवायचा, आणि कोणत्या शब्दावर हलवायची ते त्याला कळायचं. त्यानं सांगितलं की बायको जाऊन पाच वर्षं झाली. मुलगी न्यूझीलंडला, तिथं आपला दिवस म्हणजे तिची झोपायची वेळ. मी विचारलं, आणि दुकानं? तो म्हणाला, कोणती दुकानं? मी म्हटलं, तुमची साखळी आहे ना.  त्यानं बाही वर केली. कोपरापर्यंत जुन्या भाजल्याचे पांढरे डाग. फोनवर टॅमसिननं विचारलं होतं, तुम्ही काय करता, आणि हा म्हणाला होता, आमच्या घरात तीन पिढ्या साखळ्यांचं काम. लोखंडाच्या साखळ्या. क्रॅडलीला, त्याच्या गावी, अंगणाअंगणात भट्टी असायची, त्याची आईसुद्धा हातोड्यानं कड्या ठोकायची, पोटुशी असताना आणि बाळ पाळण्यात ठेवूनही.

मी हसले. पर्सी गेल्यापासून पहिल्यांदा अशी हसले की डोळे पुसावे लागले. तो म्हणाला, "मी सांगणार होतो. पण त्या पोरीनं मला खुर्ची दिली, कॉफी दिली. एवढ्या आदरानं माझ्याशी कुणी बोललं नव्हतं बरेच दिवस." मी केकचा दुसरा तुकडा त्याच्या ताटलीत टाकला आणि म्हटलं, मग आता न्हाणीघर तरी बघा, नाहीतर तिला संशय येईल. त्यानं न्हाणीघर बघितलं.

आता हे वाचणारा म्हणेल, म्हातारीनं तेव्हा तरी खरं सांगून टाकायचं. पण मधल्या काळात लंडनचं एक जोडपं येऊन गेलं होतं. घोडे पाळायचे होते त्यांना, माणसं बरी होती, त्यातल्या बाईनं आंधळीच्या तुकड्याचं नाव मला दोनदा विचारून लिहून घेतलं. त्यांनी किंमत सांगितली. नाइजेल म्हणाला, थांबूया, ट्रोमन्स तीन वेळा येऊन गेलाय, साखळीवाला आहे, तो वर जाईल. लंडनकरांकडून त्यानं शुक्रवार दुपारपर्यंतची मुदत मागून घेतली. मला सगळं ठाऊक होतं. मी एक वाक्य बोलले असते तर त्याच दिवशी घर गेलं असतं. आणि घर गेलं की गुरुवार गेला. म्हणून मी गप्प बसले. पोटच्या पोराला फसवलं, केकच्या दोन तुकड्यांसाठी. रात्री रेडिओला सांगितलं, त्यानं हवामान सांगितलं.

नाइजेलचा फोन आला की चौथ्या वेळेला तो स्वतः येणार, चार वाजता, आणि ट्रोमन्सकडून हो किंवा नाही वदवून घेणार. म्हणाला, "आई, तू मधे बोलू नकोस. तू माणसांना घाबरवतेस." मी म्हटलं, "तुझ्या बापाला घाबरवलं नसतं तर तू जन्मला नसतास." तो हसला नाही. त्याला त्याच्या बापासारखंच उशिरा कळतं.

त्या गुरुवारी मिस्टर ट्रोमन्स तीनलाच आले. टॅमसिनला दुसरीकडे काम होतं. मी किल्ली घेतली आणि आम्ही दोघं खळ्याच्या कोठाराकडे निघालो. वाटेत नाशपातीचं झाड फुलायला लागलं होतं, त्याच्याकडे त्यानं बघितलं. दारात आला आणि पाय उचलला.

"फळी मी जाळली," मी म्हटलं.

त्याचा पाय तसाच अधांतरी राहिला. मग त्यानं तो हळूच आत ठेवला आणि टोपी काढली.  मग म्हणाला, "कळलं होतं तर तुम्हाला, मालकीणबाई."

मालकीणबाई. पन्नासहून अधिक वर्षांत मला कुणी तशी हाक मारली नव्हती. गावात मी मिसेस प्रोबर्ट, नाइजेलची आई, बँकेत तर नुसती हेस्टर, जणू त्या पोरांबरोबर मी शाळेत होते. मालकीणबाई म्हणायची ती फक्त हॉप तोडणारी माणसं.

"दुसऱ्या वेळेलाच कळलं," मी म्हटलं.

"मग बोलला नाहीत?"

"तुम्ही तरी कुठं बोललात."

तो गालिच्यावरून चालत कोपऱ्याकडे गेला. तिथं आता टीव्ही आहे. म्हणाला, ही आमची जागा. इथं पेटी, इथं आजी, भिंतीकडे आई, आणि आम्ही चौघं भावंडं मधे. इकडे भाड्यानं राहायला येऊन बघावं असं त्याच्या मनात आलं होतं, पण ज्या जागी फुकट झोपलो तिथं पैसे भरून झोपायचं त्याला पटेना. मग पेपरात विक्रीची जाहिरात दिसली, आणि बघायला पैसे पडत नाहीत. क्रॅडलीला आई सकाळी सहापासून भट्टीपुढं. इथं तीन आठवडे तिच्या डोक्यावर आभाळ असायचं. तो हे सगळं टीव्हीकडे बघत सांगत होता.

मग म्हणाला की ऑगस्टात पत्र यायचं. हॉप तयार आहेत, या. ते आलं की सगळी गल्ली पेट्या काढायची. पत्र आईकडच्या आजीच्या नावानं असायचं, बिलिंगहॅम या नावानं.

मी कोचावर बसले. बसले नसते तर पडले असते, आणि या खेपेला उठवायला ती नव्हती.

"छप्पन साली पत्र आलं नाही," तो म्हणाला. "शेजारच्यांना आलं, समोरच्यांना आलं. आईनं पेटी भरून ठेवली होती. रोज पोस्टमन जायचा, ती पेटीची दोरी सोडायची. संध्याकाळी पुन्हा बांधायची, उद्या येईल म्हणून. आजी म्हणाली, बाई, यंत्र आणलं असेल त्यांनी. आई म्हणायची, नाही, माझंच काहीतरी चुकलं. शेवटच्या आजारातसुद्धा मला विचारलं तिनं, मी काय केलं असेन रे? तेच विचारायला आलो होतो मी. पहिल्याच वेळेला विचारणार होतो. तुम्ही दारात आलात आणि माझी जीभ टाळ्याला चिकटली."

खोलीत काचेतून ऊन येत होतं आणि गालिच्यावर आमच्या दोघांच्या सावल्या पडल्या होत्या, एकीपासून एक लांब.

माझं शिक्षण बेताचं. बटाटे काढायच्या दिवसांत आम्हाला शाळा माहीत नसायची. छप्पन साली सासूबाईंची नजर अधू झाली आणि पत्रं लिहायचं काम माझ्याकडे आलं. त्यांनी मला वाक्य घोटून दिलं होतं. हॉप तयार आहेत. तीन तारखेला या. किती माणसं ते कळवा. बावीस पत्रं होती. मी जिभेचं टोक बाहेर काढून एकेक लिहिलं. यादीत बिलिंगहॅम हे त्या हसणाऱ्या बाईच्या घरचं नाव आलं तेव्हा मला दूध आठवलं, साठ तोंडं आठवली, आणि मी पुढच्या नावावर गेले. सासूबाईंनी विचारलं तेव्हा म्हटलं, त्यांचं उत्तर आलं नाही. एवढंच. पुढच्या काही वर्षांत खरंच यंत्र आलं, माणसं यायची थांबली, आणि मी ते विसरले. विसरले म्हणते. एकवीस पत्रं लिहिली हा आकडा अजून पाठ आहे, मग विसरले कशी?

तो वाट बघत उभा होता. त्यानं पुन्हा विचारलं, "काय केलं होतं हो तिनं?"

"हसली होती," मी म्हटलं.

"हसली?"

"मी त्या फळीला अडखळून पडले. ती हसली. पत्रं मी लिहायची. तुमचं लिहिलं नाही."

"एवढंच?"

"एवढंच."

मला वाटलं, आता हा ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं, मला ओरडणाऱ्याशी बोलता येतं. पण त्यानं टोपीची कड बोटांनी नीट केली, एकदा, दोनदा, आणि म्हणाला, "हसायची खरी ती." मग काचेकडे वळून म्हणाला, "पण फक्त इथं. तिकडे नाही हसायची."

मी माफी मागितली नाही. मला ती मागता येत नाही, कधी शिकलेच नाही, आणि पंचाहत्तरीनंतर नवं काही जमत नाही. मी नुसती बसून राहिले. तोही माझ्यापासून हातभर अंतर ठेवून कोचाच्या दुसऱ्या टोकाला बसला. जिथं त्याची आई झोपायची तिथं, काळ्या टीव्हीत, दोन म्हातारी माणसं दिसत होती. 

गाडीचा आवाज आला. नाइजेल आला, हात पुढं करून, दात दाखवून. फळी नव्हती म्हणून सरळ आत आला. म्हणाला, मिस्टर ट्रोमन्स, भेटून आनंद झाला, तुमच्या उद्योगाबद्दल ऐकलंय. ट्रोमन्स उठून उभे राहिले आणि माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात विचारणं होतं. मी सांगू का तुम्ही सांगता?

मीच सांगितलं. लंडनच्या लोकांना हो म्हण, आजच फोन कर, उद्यावर नको. हे गृहस्थ घर घेणार नाहीत, त्यांना दुकानं नाहीत, आणि हे मला महिन्याभरापासून ठाऊक आहे. नाइजेलनं तोंड उघडलं. मी त्याला म्हटलं, ओरडायचं ते उद्या फोनवर ओरड, आता फोन कर. तो बाहेर गेला. काचेतून दिसत होता, एका हातानं फोन धरलेला, दुसऱ्यानं कपाळ.

ट्रोमन्स दाराकडे निघाले. पाठ वाकलेली, टोपी हातातच. बाहेर पडताना त्यांनी पाय उचलला. जळून गेलेल्या फळीवरून, मी सांगितल्यानंतरसुद्धा. तेव्हा मला राहवलं नाही. खोलीत एक वही ठेवलेली असते, पाहुण्यांनी दोन शब्द लिहावेत म्हणून. तिचं कोरं पान मी टरकावलं, पेन घेतलं, त्यांना दारात गाठलं आणि दोन्ही त्यांच्या हातात कोंबली.

"मिस्टर ट्रोमन्स, तुम्ही लबाड आहात. चार वेळा घर बघायचं सोंग करून माझ्या दारात आलात आणि माझा अख्खा केक संपवलात. मी तुमच्याहून मोठी लबाड, ते आता दोघांनाही ठाऊक आहे. पण असं सोंग करून येणं यापुढे चालायचं नाही. पत्ता लिहा. मोठ्या अक्षरात, मला बारीक दिसत नाही. मी लेमस्टरला गेले की पत्र पाठवीन, आणि किती माणसं ते तुम्ही कळवायचं, एकच असलं तरी. पत्र आलं की या. पत्राशिवाय याल तर दार उघडणार नाही."